‘जन्मताच आहे’ या वाक्याबद्दल

दोस्तहो, आधी कबुली देतो. आमच्या वस्तीतल्या विहारात सिकलसेलवर सभा झाली तेव्हा माईकवर मीच होतो. म्हटलं, ही कुण्या देवीची करणी नाही, मागच्या जन्माचं पाप नाही. आई-बाप दोघंही वाहक असले, तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता की लेकरू आजारी निघेल. जन्मताच असतं ते, यात कोणाचाच दोष नाही. टाळ्या पडल्या. विज्ञान सांगून आलो म्हणून मीही खूश.

त्याच पावसाळ्यात आठ वर्षांच्या भाचीला सरकारी दवाखान्यात भरती केलं. पाय दुखत होते, बस्स. सलाईन लागलं, पायांचं दुखणं उतरलं. तिसऱ्या रात्री बरगड्या दुखू लागल्या. पोट्टी श्वास अर्ध्यावरच सोडायची, नाकपुड्या फुगायच्या. बहीण दोनदा नर्सबाईला सांगायला गेली. उत्तर आलं, “सिकलसेलची पेशंट हाय ना? यायचं असंच राहते बाई. जन्मताच हाय थे.”

सकाळी एक डॉक्टरीणबाई आल्या. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहिला, छातीचा फोटो काढला, रक्त चढवलं. पोरगी वाचली. बाजूच्या खाटेवरचं पोरगं नाही वाचलं. त्याच्या बापालाही तेच वाक्य ऐकवण्यात आलं होतं. आणि वाक्य माझंच. विहारात टाळ्या घेतलेलं.

मग मी विचारत सुटलो, वाचत सुटलो. या आजारात तांबडी पेशी ऑक्सिजन सोडला की विळ्यासारखी वाकते, बारीक नसांत अडकते. निरोगी पेशी १२० दिवस जगते, ही १०-२० दिवसांत मरते. रक्त कायम कमी, म्हणून हृदयाला जास्त राबावं लागतं; लहान वयातच ते मोठं होतं. लेकरू पळताना धापा टाकतं आणि आपण त्याला आळशी म्हणतो. छातीचं तर चक्रच आहे. बरगड्या दुखतात म्हणून श्वास तोकडा, श्वास तोकडा म्हणून फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, ऑक्सिजन घटतो, की आणखी पेशी वाकतात. २००० साली छापलेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत असे जवळजवळ निम्मे रोगी दुसऱ्याच कारणानं, बहुतेक अंगदुखीसाठी, भरती झालेले होते. म्हणजे पाय दुखतात म्हणून आलेल्या लेकराच्या श्वासावर नजर ठेवायची असते! त्याला मोठी मशीन लागत नाही. श्वास ओढला की गोळ्या वर जातात, ते प्लास्टिकचं खेळणं पाहिलंय ना तुम्ही? जागेपणी दर दोन तासांनी असे दहा खोल श्वास घेतले तर छातीची गुंतागुंत घटते, हे १९९५ साली तपासून झालंय. लहान लेकरांना रोज पेनिसिलीन दिलं तर जंतूंचा घाला टळतो, हे १९८६ सालचं. हायड्रॉक्सियुरियानं छातीचे झटके कमी होतात, हेही माहीत आहे.

आता सांगा, यातलं जन्मताच काय होतं? पेशी वाकणं जन्मताच होतं. रात्रभर कुणी श्वास मोजला नाही, ते जन्मताच होतं काय?

बाबासाहेबांच्या निधनानंतर १९५७ साली ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ निघाला. त्यात पूर्वकर्माच्या सिद्धांताची झडती आहे. आई-बापांकडून लेकराला गुण येतात हे विज्ञान ते तिथं नाकारत नाहीत. पण माणसाची दशा मागच्या जन्मावर ढकलली, की राज्य आणि समाज जबाबदारीतून सुटतात, हे ते नेमकं दाखवतात. मी काय केलं? पूर्वकर्म काढलं आणि त्या जागी जीन बसवला. सुटणारे सुटलेच.

नर्सबाईला जातीयवादी म्हणून मोकळं व्हायला मला आवडलं असतं. पण त्या रात्री एकट्या बाईकडे सगळा वॉर्ड होता. ती ज्या वाक्याच्या आडोशाला गेली, तो आडोसा आपणच बांधून दिला. आणि आपण तरी काय कमी? लग्न जमवताना कार्ड लपवतो. पोरीच्या छातीत आवाज येतो हे सोयऱ्यांना कळू नये म्हणून तपासणीच टाळतो.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरांचं नाव घेऊन. त्या पँथरांनी १९७१ सालीच सिकलसेलची मोहीम काढली होती, वस्तीवस्तीत रक्त तपासलं होतं. रोग आनुवंशिक आहे हे त्यांनी नाकारलं नाही. रोगी काळे आहेत म्हणून सरकार झोपलंय, एवढंच ते ओरडून सांगत होते. १९७२ साली तिथं कायदा झाला. आपण नाव आणलं, हे काम तिकडेच राहिलं.

२०२३ साली केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाचं मिशन सुरू केलं. आदिवासी भागातल्या सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन. तपासणी हवीच. कागदावर उपचारही आहेत. पण ‘निर्मूलन’ हा शब्द मला टोचतो. पुढं अशी लेकरं जन्मू नयेत, ठीक. जी जन्मली त्यांचं काय? इथंही सगळा जोर जन्मावरच.

येत्या पौर्णिमेला विहारात पुन्हा सभा आहे. माईकवर मी ते वाक्य परत घेणार आहे. भाची तिचं गोळ्यांचं खेळणं घेऊन येतो म्हणते. आणि दवाखान्याला द्यायच्या अर्जावर सह्या हव्यात: रात्रपाळीत सिकलसेलच्या दर लेकराचा श्वास आणि ऑक्सिजन मोजून कागदावर लिहावा. ज्यांना येता येईल त्यांनी यावं.