परिप्रश्न: अडल्यावर कसं विचारायचं?

आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ४, श्लोक ३४



आजच्या श्लोकात भगवंत अर्जुनाला ज्ञान मिळवायची रीत सांगतात. ज्यांनी तत्त्व स्वतः पाहिलं आहे, अशांकडे जा. तिथे प्रणिपात कर, परिप्रश्न कर, सेवा कर. मग ते तुला ज्ञान देतील. इतकाच अर्थ आहे.

पण जरा थांबून बघा, हे सांगतंय कोण? साक्षात भगवंत. अर्जुनाच्या समोर, त्याच्याच रथावर बसलेले. त्यांना काय ठाऊक नाही? तरीही ते अर्जुनाला जाणत्या माणसांकडे जायला सांगतात. माणसाला माणसाकडूनच शिकायला मिळावं, ही देवाचीच योजना दिसते.

आपल्या पिढीला नेमकं हेच जड जातं. काही अडलं की आपण फोन काढतो, चार व्हिडिओ बघतो, आणि तरी जमलं नाही तर गप्प बसतो. शेजारच्या माणसाला विचारायचं म्हटलं की जीभ अडखळते. त्याला काय वाटेल? आपल्याला एवढंही येत नाही असं दिसेल का? म्हणून आज या तीन शब्दांकडे एका अगदी साध्या कामातून बघूया. काम आहे घरच्या जुन्या गाडीचे ब्रेक दुरुस्त करण्याचं.

आमच्याकडे बाबांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. पुण्यात तिला कुणी पद्मिनी म्हणत नाही, सगळे फियाटच म्हणतात. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गियर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या बनायच्या. ते उत्पादन थांबूनही आता दोन दशकं उलटली. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी निवृत्त झाली. म्हणजे आज ही गाडी ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी कंपनीचं सर्व्हिस सेंटर वगैरे काही उरलेलं नाही. उरली आहेत ती फक्त माणसं. कुणी निवृत्त फिटर, कुणी आयटीतला मुलगा, कुणी बँकेतले काका. प्रत्येकाने आपापल्या पार्किंगमध्ये हात काळे करून जे शिकलं, तेवढंच आता या गाडीचं शास्त्र.

बाबांच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकातून ब्रेक ऑईल गळायला लागलं होतं. पेडल दाबलं की खालपर्यंत जायचं. बाबा पूर्वी हे काम स्वतः करायचे. पण आता त्यांचं वय चौऱ्याहत्तर, आणि हाताला कंप. आणखी एक गोष्ट होती. ब्रेकच्या लाइनमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक चाकाशी, दुसरा पेडलवर. आमच्या घरी पेडलवर कायम आई बसायची. आई जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून गाडी कव्हरखालीच उभी होती. भंगारवाला दोनदा विचारून गेला. बाबा त्याला नाही म्हणायचे, आणि मदत कुणाला मागायची का विचारलं तर त्यालाही नाहीच म्हणायचे.

आता ते तीन शब्द बघू.

पहिला शब्द: प्रणिपात

प्रणिपात म्हणजे नमस्कार. पण लाचारी नव्हे. समोरच्याने जे पाहिलं आहे ते मी अजून पाहिलेलं नाही, एवढं मनापासून मान्य करणं म्हणजे प्रणिपात. यात स्वतःला कमी लेखायचं कारण नाही. अर्जुन काही साधा माणूस नव्हता, त्या काळातला सगळ्यात मोठा धनुर्धर होता. तरी त्याने 'मी तुझा शिष्य आहे' असं म्हटलं, आणि त्यानंतरच भगवंतांचा उपदेश सुरू झाला.

बाबांसाठी हीच पायरी सगळ्यात उंच होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करून दिलेला माणूस. सगळे त्यांच्याकडे विचारायला यायचे. अशा माणसाने 'मला आता एकट्याला जमत नाही' हे म्हणणं सोपं नसतं. एका संध्याकाळी चहा पिताना त्यांनी स्वतःहूनच सांगितलं, "त्या सिंहगड रोडच्या फियाटवाल्याला फोन लाव. म्हणावं, रविवारी वेळ असेल तर ये." मी फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. बोलले तेच.

मित्रांनो, आपल्या घरातल्या मोठ्या माणसांना हे जड जातं हे आपण ओळखायला हवं. त्यांच्या वतीने परस्पर मदत मागून त्यांचा मान काढून घेऊ नये. फोन लावून द्यावा, बोलू त्यांना द्यावं.

दुसरा शब्द: परिप्रश्न

नुसता 'प्रश्न' म्हटलेलं नाही, 'परिप्रश्न' म्हटलंय. 'परि' म्हणजे सर्व बाजूंनी. म्हणजे विषयाभोवती फिरून, स्वतः जेवढं बघता येईल तेवढं बघून, मग विचारलेला प्रश्न. 'गाडीचा ब्रेक लागत नाही, काय करू?' हा झाला प्रश्न. बाबांनी फोनवर विचारलं ते असं: "मागच्या डाव्या चाकातून गळती आहे. ड्रम काढून बघितला, व्हील सिलिंडरचे रबर कप गेलेत. मास्टर सिलिंडर कोरडा आहे. पेडल दोन-तीनदा पंप केलं की वर येतं, पण टिकत नाही. नुसतं किट बदलून चालेल, की सिलिंडरला आतून चरे पडले असतील?" पलीकडच्या माणसाला लगेच कळलं की विचारणाऱ्याने आपल्या वाटणीचं काम केलंय. अशा प्रश्नाला उत्तर द्यायला जाणत्यालाही आनंद होतो.

साधनेतही असंच आहे. 'मन लागत नाही' म्हणून आपण थांबतो. कधी लागत नाही? सकाळी की रात्री? जपाला बसल्यावर पहिला विचार कशाचा येतो? एवढं आपलं आपण बघितलं, तर सांगणाऱ्याला काही सांगता येईल.

रविवारी सकाळी आठ वाजता तिघेजण कोथरूडला आमच्या सोसायटीत आले. सिंहगड रोडचा तो मुलगा, एक निवृत्त फिटर काका आणि त्यांचे एक मित्र. रबर कपाचं किट आम्हाला नाना पेठेतल्या चार दुकानांत मिळालं नव्हतं. त्या मित्रांनी ते स्वतःच्या फियाटसाठी जपून ठेवलेलं आणलं होतं. गाडी जॅकवर घेतली, खाली लोखंडी स्टँड लावले, पुढच्या चाकांना दगड लावले. काकांनी सिलिंडर उघडून आतून बोट फिरवलं आणि म्हणाले, "चरे नाहीत. किटवर भागेल. पण चरे असते ना, तर मी हात लावला नसता. ब्रेकशी खेळ नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. ज्याने खरोखर पाहिलेलं असतं, त्याला आपली मर्यादाही ठाऊक असते. कुठे थांबायचं आणि 'हे वर्कशॉपमध्येच न्या' असं कधी म्हणायचं, हे तोच सांगू शकतो. म्हणून भगवंतांनी तत्त्व जाणणाऱ्याबरोबर तत्त्व पाहणाऱ्याचाही उल्लेख केला. माहिती सांगणारे खूप भेटतात. ज्याने स्वतः बोट फिरवून पाहिलंय, त्याला विचारा.

मग हवा काढायची वेळ आली. ब्रेकचं तत्त्व असं, की द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर नळीतून जसाच्या तसा चाकापर्यंत पोचतो. पण नळीत हवेचा बुडबुडा असेल तर तो बुडबुडाच दबतो आणि जोर तिथेच संपतो. पेडल स्पंजसारखं लागतं. ही हवा काढायला चाकामागच्या निपलवर पारदर्शक नळी लावतात, तिचं टोक ब्रेक ऑईलच्या बाटलीत बुडवतात. पेडलवरचा माणूस तीन-चारदा पंप मारतो आणि दाबून धरतो. चाकाशी बसलेला निपल सैल करतो, बुडबुडे निघतात, तो निपल बंद करतो, आणि त्यानंतरच पेडल सोडायचं. आधी सोडलं तर हवा परत आत. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, आणि वरच्या डब्यातलं ऑईल संपू द्यायचं नाही. संपलं तर वरून नवी हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून.

आईच्या जागेवर तो मुलगा बसला. बसण्याआधी त्याने बाबांकडे बघितलं. त्याला काही माहीत नव्हतं, तरी विचारलं, "काका, बसू ना?" बाबा क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "बस. पाय हळू सोड." चाकाशी फिटर काका, आणि मध्ये खुर्ची टाकून बाबा. आवाज बाबांचा होता: "पंप मार… धर… आता सोड." एका तासात चारही चाकं झाली. पेडल दगडासारखं घट्ट लागलं.

मला तेव्हा जाणवलं, अहंकारही त्या हवेसारखाच असतो. दिसत नाही, वजन नाही, पण नाम कितीही जोर लावून घेतलं तरी तो जोर मध्येच खाऊन टाकतो. आणि तो एकट्याने निघत नाही. दाबणारा एक लागतो, निपल उघडणारा दुसरा लागतो. सत्संग कशाला हवा, याचं उत्तर मला तिथे मिळालं.

तिसरा शब्द: सेवा

काम झाल्यावर बाबांनी किटचे पैसे पुढे केले. ते मित्र घेईनात. म्हणाले, "काका, तुमच्याकडे जुना डायनॅमो पडलाय ना? कुणाला लागला तर द्या." बस्, एवढाच हिशोब.

ज्ञानेश्वर महाराज याच श्लोकावर बोलताना संतांना ज्ञानाचं घर म्हणतात आणि सेवेला त्या घराचा दरवाजा म्हणतात. आपल्याला वाटतं, आधी ज्ञान मिळेल आणि मग त्याची फेड म्हणून आपण सेवा करू. माउली मात्र सेवा दारातच ठेवतात. आत जायचा रस्ताच तो.

आणि सेवा म्हणजे फार मोठं काही नसतं. महाभारताच्या द्रोणपर्वात, युद्धाच्या चौदाव्या दिवशी, जयद्रथाकडे जाताना अर्जुनाचे घोडे थकले, बाणांनी जखमी झाले. अर्जुन खाली उतरून शत्रूंना थोपवत राहिला, आणि श्रीकृष्णांनी भर रणात घोडे सोडले, त्यांच्या अंगातले बाण उपसले, त्यांना स्वतःच्या हातांनी चोळलं, पाणी पाजलं आणि परत जुंपलं. गीता सांगणारेच हे हात.

आपल्या पुण्यात हे दरवर्षी दिसतं. ज्या नाना पेठेत आपण गाडीचे पार्ट शोधत फिरतो, तिथेच निवडुंग्या विठोबाच्या देवळात तुकोबांची पालखी मुक्कामाला असते. शेजारच्या भवानी पेठेत माउलींची पालखी. त्या दिवसांत कुणी वारकऱ्यांच्या तुटलेल्या चपला फुकट शिवून देतं, कुणी दाढी करून देतं, कुणी पाय चेपतं. पुढच्या वाटेला लागलेल्या माणसाची चप्पल शिवून द्यायची. त्याच्याकडून परत काय येणार? काहीच नाही. तो पुढे जातो, आणि ती सेवा त्याच्याबरोबर पंढरीला जाते.

पुढच्या रविवारी धायरीच्या एका मुलाच्या फियाटचं काम निघालंय. डायनॅमो त्यालाच हवा आहे. बाबांनी कालच तो पुसून पिशवीत घालून ठेवला. हात कापतो, त्यामुळे पाना त्यांना धरता येणार नाही. खुर्ची मात्र ते घेऊन जाणार आहेत.

आजचा संकल्प

• एक गोष्ट, जी अडलीये आणि विचारायला संकोच वाटतोय, ती आज एका जाणत्या माणसाला प्रत्यक्ष किंवा फोन करून विचारा.
• विचारण्याआधी आपल्या वाटणीचं बघून घ्या.
• कुणी केलेली एक मदत आठवा, आणि ती आज तिसऱ्याच कुणाच्या तरी कामी लावा.

पांडुरंगा, विचारताना आम्हाला नम्र ठेव, आणि कुणी विचारलं तर आमचे हात मोकळे ठेव.

राम कृष्ण हरी!