कल्पित नकाशातील मोकळी जागा

अस्तित्वात नसलेल्या जगाचा नकाशा रेखाटणारा कोणाचे काही देणे लागतो काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटेल. कल्पित पर्वतामुळे कोणाची जमीन जात नाही, कल्पित धरणाखाली कोणाचे घर बुडत नाही. कलाकृतीच्या स्वायत्ततेचा जो विचार मराठी समीक्षेत मर्ढेकरांपासून रुजला, त्याच्या आधारे असेही म्हणता येईल की, अशा नकाशावर केवळ अंतर्गत संगतीचे बंधन असते. नदीने उगमाकडे वाहू नये, एका प्रकरणातील दिवसभराची वाट पुढच्या प्रकरणात आठवड्याची होऊ नये, एवढे झाले की कर्ता मोकळा. हे उत्तर चुकीचे नाही. मात्र ते अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी १८८१ साली स्कॉटलंडमधील ब्रेमार येथे आपल्या सावत्र मुलाच्या संगतीत एका बेटाचा नकाशा रंगवला आणि त्या नकाशातून ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी जन्मली. पुढे पुस्तकासाठी पाठवलेला तो नकाशा गहाळ झाला. तेव्हा लिहून झालेल्या संहितेतील स्थळांचे सारे उल्लेख वेचून, त्यांच्याशी जुळेल असा दुसरा नकाशा त्यांना करून घ्यावा लागला. पहिला नकाशा आज्ञा होता, दुसरा साक्ष. एकाने जग घडवले, दुसऱ्याने घडलेल्या जगाची नोंद केली. शासकीय नकाशा स्वतःला नेहमी दुसऱ्या प्रकारचा म्हणवतो आणि कल्पित नकाशा निःसंकोचपणे पहिल्या प्रकारचा असतो, अशी आपली समजूत असते. फॉकनर यांनी ‘अ‍ॅब्सलम, अ‍ॅब्सलम!’ (१९३६) या कादंबरीला जोडलेल्या नकाशात आपल्या कल्पित परगण्याचे क्षेत्रफळ २४०० चौरस मैल दिले, गोऱ्यांची संख्या ६२९८ आणि कृष्णवर्णीयांची ९३१३ नोंदवली, आणि एकमेव मालक म्हणून स्वतःचे नाव घातले. महसूल खात्याची भाषा येथे विनोदाने उसनी घेतली आहे हे खरे. पण ती इतकी सहज उसनी मिळते, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

कारण शासकीय नकाशाही आज्ञा करतोच. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये वेगळी झाली आणि सीमारेषा नवापूर रेल्वेस्थानकाच्या मधून गेली. तिकीटखिडकी महाराष्ट्रात, स्थानकप्रमुखांची कचेरी गुजरातेत. फलाटावरील एका बाकावर बसलेली दोन माणसे दोन राज्यांत बसलेली असतात. त्या फलाटावर जमिनीला चीर पडलेली नाही. रेषा आधी कागदावर आली, मग ती भूमीत उतरली. म्हणजे कल्पित व वास्तव नकाशांतील भेद रेषेच्या स्वरूपात नाही; तो रेषेमागे उभ्या असलेल्या सत्तेत आहे.

मग ‘कल्पित’ हे विशेषण कोण बहाल करतो? विष्णुपुराणात सात द्वीपे आणि त्यांना वेढणारे खाऱ्या पाण्याचे, उसाच्या रसाचे, मद्याचे, तुपाचे, दह्याचे, दुधाचे व गोड्या पाण्याचे समुद्र वर्णिले आहेत. १८३५ च्या आपल्या शिक्षणविषयक टिपणात मेकॉले यांनी अशा समुद्रांची थट्टा केली. एका विश्वरचनेला त्यांनी भूमापनाचा दाखला समजून वाचले आणि तो खोटा ठरवला. ती रचना खरा भूगोल आहे असा दावा करणे ही त्याच चुकीची दुसरी बाजू होईल. मुद्दा एवढाच की, एका समाजाच्या जगाला ‘कल्पित’ म्हणण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याच्या हाती ते जग रिकामे करण्याचाही अधिकार येतो.

हा प्रश्न मला ग्रंथांतून सुचला नाही. कादंबरीतील अवकाश शिकवत असताना मी पदव्युत्तर वर्गाला स्वतःच्या एका कल्पित जगाचा नकाशा काढण्यास सांगितले होते. बहुतेकांनी इंग्रजी अद्‌भुतकथांच्या वळणाचे किल्ले, हिमशिखरे आणि उत्तरेकडील शत्रू काढले. अनेकांच्या नकाशात कडेचा भाग कोरा होता. विचारल्यावर उत्तर आले, ‘तिथं अजून काही नाही.’ विसरवाडीजवळच्या पाड्यावरून येणाऱ्या, घरी मावची बोलणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या नकाशात मात्र नदी, पाडे, शेते दाटीने होती आणि बरोबर मध्ये एक डोंगर कोरा. अपुरे काम म्हणून मी तिचे गुण कापले. तिने तक्रार केली नाही. जाता जाता एवढेच म्हणाली, ‘सर, तिथं आहे. पण ते दाखवत नाहीत.’ जग तिनेच रचलेले होते; तरीही तेथील मर्यादा तिच्या दृष्टीने सुटलेली नव्हती. कल्पना करणे हे तिच्यासाठी आचरणाच्या बाहेरचे क्षेत्र नव्हते. माझ्या गुणदानात मात्र ते पूर्णपणे बाहेरचे होते.

नकाशातील मौनांचा विचार जे. बी. हार्ली यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस केला. नकाशा जे गाळतो त्यातही सत्ता बोलते, हे त्यांचे प्रतिपादन आता परिचित आहे. त्यात एक भेद करणे मला आवश्यक वाटते. ‘येथे कोणी नाही’ असे सांगणारी मोकळी जागा आणि ‘येथे आहे, म्हणून दाखवत नाही’ असे सांगणारी मोकळी जागा कागदावर सारख्याच पांढऱ्या दिसतात. नैतिकदृष्ट्या त्या परस्परविरोधी आहेत. पहिली अज्ञानाला अभाव ठरवते, दुसरी ज्ञानाला मर्यादा घालते. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’मधील (१९७५) ‘प्रवासी’ व ‘इस्किलार’ या कथांचे प्रदेश नकाशात बसवता येत नाहीत, याचाही अर्थ या भेदाच्या प्रकाशात नव्याने लावता येईल. तेथे वाट चालल्याशिवाय कळत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. न दाखवण्याची प्रतिष्ठा परवडते कोणाला? १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणाच्या जलाशयाने तापीकाठची नवापूर तालुक्यातील जमीनही घेतली. २००६ चा वनहक्क कायदा दाव्यासाठी ओळखीच्या खुणा दाखवणारा नकाशा अपेक्षितो; त्याच्या नियमांत विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळे आणि वडीलधाऱ्यांचे निवेदन पुरावा म्हणून मान्य आहेत. म्हणजे ज्या डोंगराबद्दल मौन पाळायचे, तोच हक्क टिकवण्यासाठी उघड करावा लागतो. दाखवले तर मर्यादा मोडते, न दाखवले तर शासनाच्या लेखी तेथे काही नसतेच. हा पेच समीक्षकाने बाहेरून सोडवण्याचा नाही. दाखवायचे की नाही, हे ज्यांचे ते स्थान आहे त्यांनी ठरवावे. आपल्याकडून अपेक्षा एवढीच की, त्यांचे मौन आपण ‘काही नाही’ असे वाचू नये.

येथे आरंभीच्या प्रश्नाकडे परतता येते. कल्पित जगाचा कर्ता त्या जगातील रहिवाशांचे काही देणे लागत नाही, कारण ते नाहीत. त्याचे देणे आहे ते पाहण्याच्या सवयीशी. कोऱ्या जागेला रिकामी जागा समजण्याची सवय निरुपद्रवी कागदावर लागते आणि पुढे उपद्रवी कागदावर चालू राहते. तलाठ्याचा, अभियंत्याचा, प्राध्यापकाचाही हात त्याच सवयीने चालतो. ही सवय कोणाची जमीन न जाता मोडता येईल अशी जागा म्हणजे कल्पित नकाशा. त्याची स्वायत्तता मान्य करूनही त्याच्याकडून ही अपेक्षा धरता येते.

त्या विद्यार्थिनीचे गुण मी नंतर दुरुस्त केले. तो डोंगर कोणता, हे मात्र मी तिला विचारले नाही.