झीज

मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडा घेणारा आधी त्याचे तोंड उघडतो. दात पाहतो, खूर उचलतो, चार पावले चालवून बघतो. माळेगावच्या या लोहा तालुक्यात ही पारख नवी नाही. तोच माणूस जुनी आलिशान मोटार घ्यायला जातो, तेव्हा रंगावरून हात फिरवतो आणि दार लागल्याचा आवाज ऐकतो. ज्यातले कळते त्याचे माणूस तोंड उघडतो. ज्याचा मोह पडतो त्याची पाठ थोपटतो.

ऑक्टोबर 2010 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत 150 मर्सिडीज गाड्या एकदम घेतल्या गेल्या. सौदा सुमारे 65 कोटींचा होता. कर्ज 7 टक्क्यांच्या आसपास मिळाले. ट्रॅक्टर घेणाऱ्याला त्याच सुमारास याहून चढा दर पडत होता. तो सौदा मराठवाड्याच्या ऐपतीचा पुरावा मानला गेला. घेतल्याची बातमी होते. सांभाळल्याची होत नाही.

गाडीची किंमत उतरते. सुट्या भागांची उतरत नाही. तिसऱ्या मालकाच्या हाती गिअरबॉक्स बिघडला, तरी खर्च पहिल्या मालकाच्या ऐपतीने येतो. थाट सवलतीत मिळतो. त्याची जबाबदारी पूर्ण दराने.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले ऑइल कधी बदलावे लागत नाही, असे अनेक मोटार कंपन्या सांगत आल्या. बीएमडब्ल्यू, जग्वार अशा गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारा झेडएफ हा जर्मन कारखाना मात्र 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटर किंवा 8 वर्षे, अशी मुदत घालतो. विकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पहिला मालक असतो. बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वस्तू. दोघेही खोटे बोलत नाहीत. एकाचा विचार लवकर संपतो.

हा कारखाना 1915 मध्ये फ्रीडरिशहाफेनला निघाला, झेपेलिन हवाई जहाजांसाठी दातेरी चाके कापायला. लोक मान वर करून जहाजे पाहत. जहाजे गेली, चाके राहिली. ज्याकडे मान वर करून पाहतात, ते आधी जाते.

नवे ऑइल भरताना गाडी सपाट जागी हवी, इंजिन चालू हवे, आणि आतले ऑइल साधारण 30 ते 50 अंशांच्या दरम्यान हवे. मग पातळीचा बोल्ट काढायचा. जादा ऑइल बारीक धारेने बाहेर पडून थेंबांवर आले, की पातळी बरोबर. लोह्यात मे महिन्याच्या दुपारी सावलीतही पारा चाळिशी ओलांडतो. जाणता मिस्त्री हे काम सकाळीच उरकतो. तापलेले ऑइल फुगते आणि असते त्याहून जास्त दिसते. तापलेल्या सभेत दिसलेली निष्ठाही घरी परतल्यावर मोजावी.

चेंबर उतरवला, की तळाशी लोहचुंबक दिसतात. त्यांवर राखाडी, मऊ गाळ असेल तर मिस्त्री काही बोलत नाही. तुकडा सापडला, तर हातातली चिंधी बाजूला ठेवतो. गाळ म्हणजे झीज. तुकडा म्हणजे मोड. झिजण्यात कमीपणा नाही. ज्याच्या तळाशी काहीच साचले नाही, तो कुठे गेलेलाच नसतो.

नांदेड–लातूर रस्त्यावर एका वेगाने जाताना गिअरबॉक्स निवांत असतो. उसाच्या ट्रॉलीमागे रेंगाळताना तापतो. अंतराने सहसा कोणी थकत नाही. निघू की थांबू, याने थकतो.

या गिअरबॉक्सला स्मृती असते. आतल्या क्लच प्लेटा झिजू लागल्या, की त्याचा संगणक ऑइलचा दाब थोडा थोडा बदलत जातो आणि झटका मालकापर्यंत पोचू देत नाही. अशी वर्षे जातात. सांभाळून घेण्याची हद्द संपते, तेव्हा तो एकाच गिअरवर अडून बसतो. मालक म्हणतो, काल तर चांगली होती. काल ती चांगली नव्हती. सांभाळून घेत होती.

घराघरांत असे एक माणूस असते. इतरांचे झटके ते अंगावर घेते. त्याची तब्येत कोणी विचारत नाही, कारण घर सुरळीत चाललेले असते. ते अंथरुणाला खिळले, की सगळे म्हणतात, अचानक झाले. आमच्याकडेही तेच म्हटले गेले.

वर्षानुवर्षे न बदललेले ऑइल बदलले आणि लगेच गिअर घसरू लागला, तर दोष नव्या ऑइलवर येतो. ज्याचा हात शेवटी लागला, त्याच्या नावावर आधीची सगळी हेळसांड जमा होते. म्हणून पुष्कळ मिस्त्री अशा गाडीला हातच लावत नाहीत. दुरुस्ती बिघाडामुळे अडत नाही तेवढी आळाच्या भीतीने अडते.

बंद पडलेली अशी गाडी ओढून नेऊ नये. इंजिन बंद, तर ऑइलचा पंप बंद. चाके फिरली, की आतले भाग कोरडे घासतात. तरी ट्रॅक्टर येतो, दोर बांधला जातो. चढ्या व्याजाचे वाहन स्वस्त व्याजाच्या वाहनाला ओढत नेते, आणि उरलेसुरले सद्भावनेने मोडते. जे स्वतःच्या बळावर चालेनासे झाले, ते उचलूनच न्यावे लागते. मदतीला मायेइतकीच माहितीही लागते.

दसऱ्याला गाडी धुतात, बॉनेटला झेंडूचा हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. पूजा दिसणाऱ्या भागाची होते. देखभाल न दिसणाऱ्याची करायची असते. तिला मुहूर्त नसतो, साक्षीदार नसतो. काही घडले नाही, एवढेच तिचे फळ. ते ज्याला पुरते, त्याच्या हाती वस्तू टिकतात. असे मालक थोडे असतात. म्हणून जुन्या गाड्यांचा बाजार भरलेला असतो.