फाटलेल्या जागची टिंबे

1898 साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड छापला. पानिपतच्या आधीच्या वर्षांतली अस्सल पत्रे त्यात होती, आणि मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिणाऱ्या ग्रँट डफच्या नि बखरकारांच्या चुका त्या पत्रांच्या आधाराने प्रस्तावनेत दाखवलेल्या होत्या. बखरीवर इतिहासकाराचा भरवसा का बसत नाही, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. बखरकाराला जिथे ठाऊक नसते तिथेही त्याचे वाक्य अडखळत नाही. पाहिलेले आणि ऐकलेले, आठवलेले आणि कल्पिलेले सगळे एकाच ठसक्यात येते, आणि वाचणाऱ्याला सांधा सापडत नाही. जुने पत्र मात्र कसर लागलेले, कडेला फाटलेले असते. ते छापताना गेलेल्या मजकुराच्या जागी टिंबे देतात, आणि त्या टिंबांमुळेच उरलेल्या अक्षरांवर विश्वास टाकता येतो.

राजवाडे 1926 च्या डिसेंबरअखेर धुळ्यात वारले. पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले आणि त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेली दप्तरे त्या मंडळाने जपली. संगणकाच्या यंत्रभागांशी बोलणारा कोड, म्हणजे डिव्हाइस ड्रायव्हर, लिहिणाऱ्या तरुणांनी धुळ्याच्या या मंडळाची वास्तू एकदा पाहावी असे मला फार वाटते. त्यांच्यापुढचा प्रश्न त्या टिंबांचाच आहे.

ड्रायव्हरच्या वरच्या अंगाला शिस्तीचे जग असते: फाइली, तक्ते, आलेख. खालच्या अंगाला तांब्याची तार, धूळ, ओल, सैल झालेली पिन आणि मे महिन्यात 45 अंशांच्या पुढे जाणारा जळगाव-भुसावळचा पारा. या खालच्या जगाला विचारलेला कोणताही प्रश्न अनुत्तरित राहू शकतो. म्हणून सी भाषेतल्या ड्रायव्हरमध्ये जवळजवळ प्रत्येक फंक्शन काम संपवताना एक छोटा पूर्णांक परत देते. लिनक्स या संगणक-प्रणालीच्या रिवाजात शून्य म्हणजे काम झाले, उणे आकडा म्हणजे फसले: उणे 5 म्हणजे वाचता-लिहिताना बिघाड, उणे 110 म्हणजे वाट पाहून वेळ संपली. पण तो पूर्णांक पाहिलाच पाहिजे अशी सक्ती सी भाषा करत नाही. पाहिला नाही तर प्रोग्राम पुढच्या ओळीवर जातो, बखरीतल्या वाक्यासारखा, न अडखळता.

आणि हे फार वेळा घडते. 2008 साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी लिनक्सच्या फाइल सिस्टिम आणि स्टोरेज ड्रायव्हर तपासले. चूक कळवणाऱ्या फंक्शनांना केलेल्या हाकांपैकी 1153 ठिकाणी, म्हणजे सुमारे 13 टक्के, आलेला चूक झाल्याचा संकेत वाटेतच टाकून दिलेला त्यांना आढळला. जगभरच्या कसलेल्या लोकांनी एकमेकांचा कोड वाचून घडवलेली ही प्रणाली आहे. तेव्हा हा दोष अडाण्यांचा म्हणून सोडून देता येत नाही. चूक झाल्यावरची वाट कोड लिहिणाऱ्याच्या टेबलावर कधी चालतच नाही, कारण तिथे तार नवी असते, वीज स्थिर असते, खोली थंड असते. जी वाट कधी चालून पाहिली नाही ती बरोबर आहे असे आपण मनाशी धरून चालतो.

खानदेशात ही गोष्ट केवळ पुस्तकी नाही. रावेर, यावल, चोपड्याचा केळी उत्पादक हवामान आधारित फळपीक विमा योजनेत भाग घेतो, तेव्हा थंडीचे आणि उन्हाचे नुकसान त्याच्या बागेत जाऊन मोजले जात नाही. महसूल मंडळातले स्वयंचलित हवामान केंद्र जे तापमान नोंदवते, ते सलग ठरावीक दिवस ठरावीक मर्यादेच्या खाली किंवा वर गेले की भरपाई लागू होते. योजनेची कल्पना चांगली आहे. पंचनाम्याची वाट पाहावी लागत नाही, कोणाच्या मेहेरबानीचा प्रश्न येत नाही. पण याचा अर्थ असा की थंडीने केळीवर चरका पडलेल्या बागेची साक्ष एक सेन्सर देतो, आणि त्या सेन्सरच्या वतीने बोलतो तो ड्रायव्हर. कोणत्याही केंद्राकडे बोट दाखवण्यासाठी मी हे लिहीत नाही. साक्ष कशी बिघडू शकते, ते मात्र तपशिलाने पाहायला हवे.

उदाहरणाला डीएस18बी20 हा स्वस्त, सर्वत्र मिळणारा, विद्यार्थ्यांच्या ओळखीचा तापमापक घेऊ. पूर्ण बारकाईने तापमान मोजायला त्याला पाऊण सेकंदापर्यंत वेळ लागतो. तेवढ्यात वीजपुरवठा क्षणभर कोलमडला तर तो नव्याने सुरू होतो, आणि नव्याने सुरू झाल्यावर त्याच्या नोंदीत मोजमापाआधीच एक आकडा असतो: 85 अंश. ड्रायव्हरने वाचले तर 85 मिळतात, पडताळणीची बेरीजही जुळते. जळगावचा उन्हाळा कितीही कडक असला तरी 85 कोणीही पकडेल. अधिक घातक आहे तो शून्य. तार जमिनीला टेकून शॉर्ट झाली तर वाचलेली नऊच्या नऊ बाइट शून्य येतात. नऊ शून्यांची पडताळणी-बेरीजही शून्यच असल्यामुळे चाचणी उत्तीर्ण होते, आणि नोंद होते 0 अंश. दिवसाचे किमान तापमान काढणारा कोड सर्वांत लहान आकडा उचलतो. दिवसभरात असा एकच शून्य आला तरी नसलेली थंडी नोंदवायला पुरतो.

उलट दिशेची चूक शेतकऱ्याच्या मुळावर येते. जानेवारीची ढगाळ संध्याकाळ, सौर पॅनेलवरची बॅटरी पुरती भरलेली नाही. रात्री दहाला 14 अंश वाचले गेले. पहाटे चारला, खरी थंडी उतरली तेव्हा, सेन्सरने उत्तर दिले नाही. ड्रायव्हरने परत आलेला उणे 110 पाहिला नाही, आणि ज्या जागी नवा आकडा यायचा तिथे जुना 14 तसाच राहिला. तक्त्यात कुठेही खाडा दिसणार नाही. रेषा सलग, गुळगुळीत, विश्वासार्ह. त्या रात्री केळीची पाने करपली, एवढीच एक नोंद त्या तक्त्याबाहेर राहील, आणि ती कोणी मानणार नाही.

तिसराही प्रकार आहे. फंक्शन तापमानही त्याच वाटेने परत देते आणि चूकही. मग उणे 5 ही थंडी की बिघाड? एका बाइटच्या बिनचिन्ही जागेत ठेवला तर तोच उणे 5 होतो 251, आणि उणे 110 होतो 146. लिनक्सच्या तापमापक ड्रायव्हरांच्या चौकटीत म्हणून दोन वाटा वेगळ्या ठेवल्या आहेत: काम झाले की नाही हे एका वाटेने, तापमान दुसऱ्या वाटेने, तेही अंशाच्या हजाराव्या भागात. अनुभवी लोकांनी ठेच खाऊन घातलेली ही पायरी आहे.

मग ड्रायव्हरने करायचे काय? प्रत्येक बिघाडाला यंत्र बंद पाडायचे नाही. एकदा-दोनदा पुन्हा विचारून पाहता येते. अर्धवट उभे केलेले काम उलट्या क्रमाने मोडता येते: शेवटी घेतलेली साधने आधी परत, सुरुवातीची शेवटी. पण त्यापुढे त्याचा अधिकार संपतो, असे माझे मत आहे. या आकड्यावर विम्याचा दावा ठरणार की कोणाच्या अंगणातला पंखा फिरणार, हे त्याला ठाऊक नसते. जे ठाऊक नाही त्याबद्दल निर्णय घेणे म्हणजे बखर लिहिणे. दुरुस्त करता येत नसेल तर बिघाड आहे तसा, आपला आकडा न चढवता, वर पोचवावा. पुढे काय करायचे ते ज्याला परिणाम दिसतो त्याने ठरवावे.

सक्ती नसेल तर माणूस पाहत नाही, हे रेल्वेने फार पूर्वी ओळखले. जिथे फाटक सिग्नलला जोडलेले नसते तिथे स्टेशन मास्तर गेटमनला फोनवरून गाडीची खबर देतो, तेव्हा नुसते ‘बंद केले’ हे उत्तर पुरत नाही. गेटमनला छापील तक्त्यावरचा एक प्रायव्हेट नंबर सांगावा लागतो. तो वहीत उतरतो, वापरलेला आकडा खोडला जातो, आणि तो मिळाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. उत्तर ऐकले, हे उत्तर लिहूनच सिद्ध होते. लिनक्समध्ये फंक्शनावर ‘मस्ट चेक’ अशी खूण करता येते, की उत्तर टाकून दिल्यास कंपायलर टोकतो. 2022 च्या अखेरीपासून तिथे आलेल्या रस्ट भाषेत तर यश आणि अपयश एकाच वेष्टनात येतात, आणि वेष्टन उघडल्याशिवाय आतला आकडा हाती लागत नाही. मला ही दिशा योग्य वाटते, पण भाषा बदलून वृत्ती बदलेल या भ्रमात राहू नये. वेष्टन उघडून आतले अपयश डोळे मिटून फेकणे रस्टमध्येही जमते.

19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरमध्ये 20 नोंदी असताना 21वी वाचली गेली आणि सुमारे 85 लाख संगणक एकदम कोसळले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या दिवशी सगळ्या जगाने ड्रायव्हर हा शब्द ऐकला. तरी ती चूक निदान दिसली. गुळगुळीत रेषेखाली दडलेला जुना 14 अंश कोणत्याच बातमीत येत नाही.

जळगाव, बांभोरी, शिरपूर, धुळे इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दरवर्षी मुले सेन्सरचे प्रकल्प करतात. परीक्षकांनी त्यांना एक गोष्ट करायला लावावी: चालू यंत्रातली तार सर्वांसमक्ष उपटावी आणि पडद्यावर काय उमटते ते पाहावे. आकडा उमटला तर प्रकल्प परत करावा.

आणि फळपीक विम्याच्या तापमानाचे मंडळनिहाय तक्ते जे तयार करतात त्यांना विनंती आहे. किमान आणि कमाल यांच्याशेजारी आणखी एक स्तंभ छापा: त्या दिवशी किती वाचने मिळाली नाहीत. तो स्तंभ पाहण्याचा केळी उत्पादकाचा हक्क आहे.