चीनला तिऱ्हाईत कशाला हवा?

दक्षिण कोरियाच्या जेजू बेटाच्या पश्चिम टोकाला गोसान नावाचं हवामापन केंद्र आहे. वारा अनुकूल असला की पिवळा समुद्र ओलांडून पूर्व चीनची हवा इथे येते. केंद्रातली यंत्रं दिवसरात्र तिचे नमुने घेतात आणि त्यात कोणता वायू किती आहे हे मोजतात. मोजायचं प्रमाणही अतिसूक्ष्म. इथे ज्या वायूबद्दल बोलायचं आहे, तो हवेच्या एक लाख कोटी रेणूंमागे दोनशे-अडीचशे एवढाच सापडतो. २०१३पासून या यंत्रांना तो वायू जास्त दिसू लागला. खरं तर तो वर्षागणिक कमी व्हायला हवा होता.

तो होता सीएफसी-११. फ्रीजच्या भिंतींत आणि इमारतींच्या उष्णतारोधक थरांत जो पॉलियुरेथेन (पीयू) फोम भरतात, तो फुगवायला हा वायू वापरत. ओझोनच्या थराला तो घातक, म्हणून १९८७च्या माँट्रियल कराराखाली त्याचं उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबवायचं ठरलं. चीन या करारात आला १९९१मध्ये, आणि तोही घासाघीस करून. गरीब देशांच्या कारखान्यांना नव्या रसायनाकडे वळायला जो खर्च येईल तो श्रीमंत देशांनी द्यावा, असा निधी उभा राहील तेव्हाच सही करू, ही त्याची अट होती. (भारतही तेव्हा याच मागणीवर अडून बसला होता, आणि मागणी रास्तच होती.) निधी उभा राहिला, पैसे आले, कारखाने बदलले. २००७च्या जुलैत, मुदतीच्या अडीच वर्षं आधी, चीनने उत्पादन बंद केलं. कागदावर सगळं शून्य झालं.

२०१८मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ स्टीव्ह माँट्झका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की जगाच्या हवेतला हा वायू कमी होण्याचा वेग २०१२नंतर मंदावला आहे. म्हणजे कुणीतरी तो नव्याने बनवतंय. त्याच वर्षी एका ब्रिटिश पर्यावरण संस्थेच्या लोकांनी चीनमधल्या फोम कारखानदारांशी गिऱ्हाईक बनून बोलणी केली. दहा प्रांतांतल्या अठरा कारखान्यांनी सरळ सांगितलं, की हो, वापरतो, स्वस्त पडतं. २०१९मध्ये गोसान आणि जपानच्या हातेरुमा बेटावरच्या नोंदी एकत्र करून शास्त्रज्ञांनी उगम शोधला, तर बोट गेलं मुख्यतः शानदोंग आणि हबेई या प्रांतांवर. वर्षाला सुमारे ७,००० टन जादा वायू तिथून बाहेर पडत होता. मग मात्र छापे पडले, साठे जप्त झाले, खटले भरले गेले. २०२१मध्ये छापून आलेल्या मोजणीनुसार २०१९पर्यंत हे उत्सर्जन जवळजवळ पूर्वपदावर आलं होतं.

आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे निधी, तंत्रज्ञान आणि परिषदेतला समूहफोटो येतो. सीएफसीच्या प्रकरणात निधी होताच, आणि त्याने कामही केलं. पण चोरी पकडली ती त्याने नव्हे. ती पकडली एका यंत्राने, आणि ते यंत्र चालवणाऱ्या माणसाचा वरिष्ठ शानदोंगमध्ये बसत नव्हता. चीनच्या पर्यावरण धोरणात बाहेरच्यांचा खरा उपयोग इथे आहे, असं माझं मत आहे. बाहेरचा माणूस बढतीच्या साखळीबाहेर उभा असतो.

चीनमध्ये जिल्ह्याच्या किंवा प्रांताच्या अधिकाऱ्याची बढती वरच्यांच्या हातात असते, आणि कित्येक वर्षं तिचं मुख्य माप होतं त्याच्या हद्दीतली आर्थिक वाढ. स्थानिक पर्यावरण कार्यालयाचा पगार आणि नेमणुका पुन्हा त्याच स्थानिक सरकारकडे असत. अशा व्यवस्थेत खालून वर जाणारा आकडा वाटेत सुधारत जातो. झाकली मूठ सव्वा लाखाची! २०१६मध्ये शिआन शहरात जे उघडकीला आलं, त्याचा तपशील ऐकण्यासारखा आहे. हवामापन केंद्राची किल्ली तिथल्याच पर्यावरण खात्याच्या माणसांनी गुपचूप बनवून घेतली आणि यंत्राच्या हवा ओढणाऱ्या तोंडात सुती बोळे कोंबले. धूळ बोळ्यात अडकली, आकडा सुधारला. दोन वर्षांनी शान्शी प्रांतातल्या लिनफेनमध्ये सहा केंद्रांत शंभराहून जास्त वेळा असाच हात मारल्याबद्दल सोळा जणांना शिक्षा झाली. कुंपणच शेत खात होतं, आणि बीजिंगला मात्र शेत हिरवंगार दिसत होतं.

म्हणजे तिऱ्हाईताची गरज सर्वांत जास्त कुणाला होती, तर खुद्द केंद्र सरकारला. बीजिंगने ही गरज फार पूर्वी ओळखली होती. १९७२मध्ये, सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत, प्रदूषण हा भांडवलशाहीचा रोग असं मानणाऱ्या देशाने पंतप्रधान चौ एन-लाय यांच्या आग्रहाने स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेला शिष्टमंडळ पाठवलं. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये चीनची पहिली राष्ट्रीय पर्यावरण परिषद भरली. शिष्टमंडळातले छू गफिंग पुढे चीनच्या पर्यावरण खात्याचे प्रमुख झाले. परक्यांच्या सभेत बसून आल्यामुळे त्यांना घरची दुखणी घरात बोलायला तोंड मिळालं.

हीच सोय १९९२मध्ये कायमची करण्यात आली. पर्यावरण आणि विकास यांवरची एक आंतरराष्ट्रीय सल्लागार परिषद चीन सरकारने स्वतःच स्थापन केली. तिच्यात चिनी मंत्री आणि तज्ज्ञ आहेत, शिवाय परदेशी शास्त्रज्ञ, माजी मंत्री, जागतिक संस्थांचे प्रमुखही आहेत. सुरुवातीपासून तिचा मोठा आधार कॅनडा. अध्यक्षपद सहसा उपपंतप्रधानाकडे असतं. पुढे पंतप्रधान झालेले वन ज्याबाओ आणि ली खछ्यांग दोघेही त्या खुर्चीवर बसून गेले. परिषदेच्या शिफारशी थेट मंत्रिमंडळाकडे जातात. परक्यांनी नाक खुपसलं की जो देश एरवी लगेच अंगावर येतो, तो पाहुण्यांना बोलावून सल्ला का मागतो? कारण पर्यावरण मंत्र्याने उद्योग मंत्र्याला जे सुनावलं तर खात्याखात्यांतली खेचाखेची ठरेल, तेच परदेशी तज्ज्ञाच्या अहवालात आलं की तो अभ्यास ठरतो. मर्यादाही उघड आहे. पाहुणा पानातल्या मिठाबद्दल बोलतो, घरातल्या वाटणीबद्दल नाही.

जिथे पैसा आणि तंत्र यांनीच खरा फरक पाडला, अशी जागाही आहे: लोएसचं पठार. पिवळ्या नदीला पिवळी करणारी माती इथली. १९९४पासून जागतिक बँकेच्या सुमारे ३० कोटी डॉलरच्या कर्जावर इथे पाणलोटाची कामं झाली. उतारांवर पायऱ्यांची शेतं, ओढ्यांवर बांध, माथ्यावर झाडं, आणि चराईबंदी. राळेगण किंवा हिवरे बाजार पाहिलेल्या वाचकाला यातलं काहीही नवं वाटणार नाही. शेळ्या गोठ्यात बांधून घातल्या की डोंगर आपोआप हिरवा होऊ लागतो, हे दोन्हीकडे सारखंच.

पण बोलावलेल्या पाहुण्यापेक्षा न बोलावलेला जास्त कामी आला, असं मला वाटतं. २००८मध्ये बीजिंगच्या अमेरिकी वकिलातीने आपल्या छतावर पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, मोजायचं यंत्र बसवलं आणि दर तासाचा आकडा ट्विटरवर टाकायला सुरुवात केली. चिनी निर्देशांकात तेव्हा एवढे बारीक कण धरतच नसत, त्यामुळे सरकारी हिशेबाने ‘निळ्या आभाळाचे दिवस’ दरसाल वाढत होते आणि रस्त्यावरच्या माणसाला समोरची इमारत दिसत नव्हती. ट्विटर चीनमध्ये बंद, तरी आकडे फोनवर पोहोचायचेच. २०१२च्या जूनमध्ये पर्यावरण खात्याने वकिलातींना हे थांबवा म्हणून जाहीरपणे सुनावलं. मजा अशी, की त्याच वर्षी चीनने आपल्या मानकांत पीएम २.५ घेतलं, आणि बीजिंगने स्वतःचे आकडे जाहीर करायला सुरुवातही केली होती. २०१३च्या जानेवारीत धुरक्याने कळस गाठला, सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला. बीजिंगची पीएम २.५ची वार्षिक सरासरी २०१३मध्ये घनमीटरला ८९.५ मायक्रोग्रॅम होती, ती २०२३मध्ये ३२वर आली. हवा वकिलातीने साफ केली नाही. ती साफ केली कोळशाच्या भट्ट्या बंद करणाऱ्या, कारखाने हलवणाऱ्या चिनी प्रशासनाने, आणि तेही कधी कधी निर्दयपणे. २०१७च्या हिवाळ्यात हबेईच्या काही शाळांत कोळशाच्या शेगड्या आधी काढल्या गेल्या आणि पर्यायी सोय मागून आली. मुलांना ऊब मिळावी म्हणून अंगणात उन्हात बसवून शिकवावं लागलं.

या सगळ्यातून चीन जे शिकला, ते एखाद्या यंत्रापेक्षा मोठं आहे. त्याने घरचाच तिऱ्हाईत तयार केला. राष्ट्रीय हवामापन केंद्रं स्थानिक सरकारांच्या हातून काढून केंद्र सरकारकडे घेतली. केंद्राची तपासणी पथकं प्रांताप्रांतांत जाऊन बसू लागली, लोकांच्या तक्रारी थेट घेऊ लागली, आणि बडे अधिकारीही त्यांच्या तडाख्यातून सुटले नाहीत. प्रांतांवर नजर ठेवायला ही व्यवस्था पुरते. केंद्रावर कोण ठेवणार? पत्रकार छाय चिंग यांनी २०१५मध्ये धुरक्यावर केलेला माहितीपट कोट्यवधी लोकांनी पाहिला आणि आठवडाभरात इंटरनेटवरून काढला गेला. जगातला निम्म्याहून जास्त कोळसा आज एकटा चीन जाळतो, नवी कोळसा वीजकेंद्रं अजून उभी राहताहेत, आणि तिथे ना पथकाचं चालतं ना परिषदेचं.

मार्च २०२५मध्ये अमेरिकेने आपल्या जगभरच्या वकिलातींमधले हवेचे आकडे जाहीर करणं बंद केलं. बीजिंगचं त्याने फारसं अडलं नाही. त्यांचे स्वतःचे आकडे आता बऱ्यापैकी विश्वासाचे आहेत. त्याच निर्णयाने मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता आणि हैदराबादचे आकडेही थांबले. आपल्या शहराचा सरकारी आकडा ताडून पाहायला दुसरा आकडा आता कुठे मिळतो, ते वाचकांनी एकदा शोधून पाहावं.