डीजे की गायन पार्टी?



14 एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांतून एक प्रश्न हमखास उभा राहतो. जयंतीला डीजे आणावयाचा की गायन पार्टी बोलवावयाची? वरवर पाहता हा वर्गणीचा आणि हौसेचा प्रश्न दिसतो. परंतु थोडा विचार केला तर तो शीलाचा प्रश्न आहे, हे ध्यानात येईल.

आमच्या वस्तीत यंदा याच प्रश्नावर विहारात बैठक झाली. तरुण मंडळी डीजेच्या बाजूची, वडीलधारी गायन पार्टीच्या बाजूची. मी शाळामास्तर, आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. तेव्हा "गुरुजी सांगतील ते" असे म्हणून दोघांनीही तो प्रश्न माझ्या पदरात टाकला.

तरुणांचे म्हणणे मी आधी मांडतो. "गुरुजी, दुसऱ्यांच्या उत्सवात दहा-दहा दिवस भिंती हादरतात, तेव्हा कोणी बोलत नाही. आमच्या एका दिवसाला मात्र सर्वांना कायदा आठवतो." हे म्हणणे खोटे नाही. ज्यांच्या आजोबांना गावातून मान वर करून चालण्याची मुभा नव्हती, त्यांना वर्षातून एक दिवस मोठ्याने वाजवावेसे वाटले तर त्यात नवल ते काय? परंतु दुसरा चुकतो म्हणून आपणही चुकावे, हे धम्माचे गणित नव्हे. दुसऱ्याच्या वागण्यावरून आपले वागणे ठरवावयाचे असते, तर आपण धम्म स्वीकारलाच कशाला?

मग माप कोणते लावावे? काही जण म्हणतात, बौद्धाला गाणे-बजावणे वर्ज्यच आहे. तसे नाही. उपोसथाला अष्टशील घेणारा उपासक त्या दिवशी नृत्य, गीत व वाद्य यांपासून दूर राहतो. रोजच्या पंचशीलात वाद्याला मनाई नाही. दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात पञ्चसिख हा गंधर्व भगवंतांजवळ वीणेवर गीत गातो. भगवंत त्याला दटावीत नाहीत. तुझ्या तारांचा स्वर गीताशी जुळतो आणि गीताचा स्वर तारांशी जुळतो, कोणी कोणावर मात करीत नाही, अशा आशयाची प्रशंसा ते करतात. बंधूंनो, माझ्या मते हेच आपले माप आहे. वाद्याने शब्दावर मात करू नये.

मागच्या जयंतीला आम्ही डीजे लावला होता. मिरवणूक संपल्यावर खेड्याहून आलेली एक म्हातारी मला म्हणाली, "मास्तर, ह्यात बाबासाहेबांचं गाणं कंचं व्हतं रं?" गाणी सगळी बाबासाहेबांचीच होती. पण तिच्या कानी फक्त धडधड पोहोचली. त्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते.

आपल्या चळवळीत गाणे करमणुकीसाठी आले नाही. भीमराव कर्डकांच्या जलशांनी तमाशाचा ओळखीचा ठेका घेतला आणि त्यात जागृतीचा विचार भरला. वामनदादा कर्डक (1922-2004) आयुष्यभर गावोगाव गात हिंडले. अक्षर न शिकलेल्या आईबापांना या गाण्यांनी शिकविले. तीच गाणी पुढे कॅसेटवरून व कर्ण्यावरून घरोघर गेली, म्हणून यंत्राचा द्वेष करण्याचेही कारण नाही. दोष यंत्राचा नाही, शब्द बुडविणाऱ्या आवाजाचा आहे.

त्यात शेजाऱ्याचाही विचार आहे. 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. दर 10 डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? तान्ह्या मुलाच्या कानात कापूस कोंबणारी आई आपल्याच वस्तीतली असते. पहिले शील तिच्या दारातून जाताना विसरावयाचे काय?

एवढे बोलून मी गायन पार्टीच्या बाजूने कौल दिला. हार्मोनियम, ढोलकी आणि जोडीला हलगी. हलगीसाठी मी कोपऱ्यात बसलेल्या एका काकांकडे बोट केले. ते मातंग समाजातून दोन वर्षांपूर्वी सहकुटुंब धम्मात आलेले. काका सावकाश म्हणाले, "गुरुजी, गावाम्होरं वाजवत चालायचं सुटावं म्हणून मी इकडं आलो. आन् तुमी बी मला वाजवायलाच सांगता?"

बैठक गप्प झाली. मी शरमलो. हातात पुस्तक असलेल्या माणसाने, न विचारता, जातीवरून काम वाटून दिले होते. गावाने आपल्या वाडवडिलांशी जे केले, तेच मी विहारात बसून केले. डीजेचा आवाज मला खटकला. माझा स्वतःचा आवाज मला ऐकू आला नव्हता.

मी त्यांची क्षमा मागितली. काही वेळाने तेच म्हणाले, "हलगीचा राग न्हाई मला. गाणारांच्या शेजारी सतरंजीवर बसून वाजवीन. मिरवणुकीम्होरं चालत न्हाई वाजवणार. आन् माझं नाव बी पुकारा." तसेच ठरले. मिरवणूक मेणबत्त्या घेऊन शांतपणे निघाली. रात्री दहाच्या आत गाणी झाली. बिदागी सर्वांना सारखी दिली, नोटा कोणी उधळल्या नाहीत, आणि जेवणाची पंगत एकच बसली. तरुणांपैकी दोघे काकांकडे हलगी शिकावयास जाऊ लागले आहेत.

तेव्हा आपल्या घरी लग्न असो, नामकरण असो वा वस्तीत जयंती असो, ठरविण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा. शब्द ऐकू येईल काय? आणि वाजविणारा आपल्या खुशीने, आपल्या बरोबरीने बसेल काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर जिवंत वाद्य आणूनही आपण जुनेच गाव वसविले, असे समजावे.

भवतु सब्ब मंगलं.