दत्तकाचें ऋण

दत्तक या शब्दाच्या पोटांत एक देणारा आहे आणि एक घेणारा आहे. ज्याची देवघेव होते त्यास मात्र या शब्दानें कांहीं विचारलेलें नाहीं. आपल्या धर्मशास्त्रांतील दत्तकविधान मुख्यतः घेणाऱ्याच्या गरजेसाठीं निर्माण झालें. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण अशीं तीन ऋणें घेऊन मनुष्य जन्मास येतो. त्यांतील तिसरें पुत्रावांचून फिटत नाहीं. औरस पुत्र नसेल तर दुसऱ्याचा पुत्र घेऊन तें फेडावें, अशी ती विचारसरणी. १८७५ सालीं कवळाण्याचे गोपाळराव बडोद्यास जाऊन सयाजीराव झाले, १८८४ सालीं कागलचे यशवंतराव कोल्हापुरास जाऊन शाहू छत्रपति झाले. दोन्ही प्रसंगीं गादी रिकामी होती, आणि गादीसाठीं मुलगा शोधण्यांत आला. मुलासाठीं घर शोधावें हा विचार आपल्याकडे नव्हताच असें नव्हे. १८७४ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं एका ब्राह्मण विधवेचा मुलगा आपला म्हणून जवळ केला, तेव्हां त्यांस राखावयास ना गादी होती, ना वतन. परंतु तो अपवाद होता. पुढें १९५६ च्या कायद्यानें हिंदूंस मुलगीहि दत्तक घेतां येऊं लागली, आणि आजच्या, म्हणजे २०१५ च्या, बालन्याय कायद्यांत मुलाचें हित हेंच प्रधान मानलें आहे. अपवादाचा नियम व्हावयास शतकाहून अधिक काळ लागला.

आतां ही देवघेव गांव, जात व प्रांत ओलांडून समुद्रापलीकडे गेली आहे. पुण्यासारख्या शहरांतील शिशुगृहांत वाढलेलें दोन वर्षांचें मूल अमेरिकेंतील मिनेसोटासारख्या थंड प्रांतांत कायमचें राहावयास जातें. अशा एखाद्या मुलाचीं सर्व कागदपत्रें पुरीं झालीं आहेत, तिकडच्या दांपत्यानें विमानाचीं तिकिटें काढलीं आहेत, आणि घरांत त्याच्या स्वागताची सिद्धता चालली आहे, अशी आपण कल्पना करूं. या शेवटच्या पंधरवड्यांत त्या दांपत्यानें स्वतःस एक प्रश्न विचारावा, असें आम्हांस वाटतें. या व्यवहारांत ऋणी कोण? आपण मुलास घर दिलें म्हणून मूल आपलें ऋणी, कीं आपण त्यास त्याच्या जगांतून उचललें म्हणून आपण त्याचे ऋणी? प्रश्न वरवर पाहतां केवळ तर्काचा दिसतो; परंतु मुलास पहिल्या रात्रीं कोठें निजवावें येथपासून तें मोठें झाल्यावर त्यास काय सांगावें येथपर्यंत सर्व गोष्टी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत.

हा दिवस उगवण्यापूर्वीं काय काय घडतें तें थोडक्यांत पाहूं. आईबापांनीं मूल स्वखुषीनें सोपविलें असल्यास त्यांस फेरविचारासाठीं दोन महिने मिळतात. मूल टाकलेलें सांपडल्यास त्याच्या माणसांचा शोध करावा लागतो. त्यानंतर बालकल्याण समिति तें दत्तकास मोकळें असल्याचें जाहीर करते. स्वदेशांत योग्य घर न मिळाल्यासच परदेशाकडे पाहावें, हें तत्त्व १९९३ च्या हेग येथील करारांत असून भारतानें तो करार २००३ सालीं मान्य केला. मग मुलाचा वृत्तांत, वैद्यकीय अहवाल, दांपत्याच्या घराची चौकशी, केंद्रीय प्राधिकरणाचें ना-हरकत पत्र, २०२२ पासून न्यायालयाऐवजीं जिल्हादंडाधिकाऱ्याचा हुकूम, पासपोर्ट आणि शेवटीं व्हिसा. इकडे छायाचित्रांतील मूल दर महिन्यास मोठें होत असतें, आणि तिकडे वाट पाहणारांस प्रत्येक शिक्का शत्रु वाटूं लागतो.

त्यांची तळमळ खरी आहे. परंतु या शिक्क्यांसहि इतिहास आहे. लक्ष्मीकांत पांडे नांवाच्या वकिलांनीं परदेशीं जाणाऱ्या मुलांच्या हालांविषयीं सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिलें. त्या पत्रासच अर्ज मानून न्यायमूर्ति भगवती यांनीं १९८४ सालीं या बाबतींत नियम घालून दिले. जेथें असा बंदोबस्त ढिला राहिला तेथें काय झालें, हें दक्षिण कोरियाच्या उदाहरणावरून दिसतें. आईबाप हयात असतां मुलें अनाथ म्हणून नोंदलीं गेलीं, एका मुलाच्या कागदांवर दुसरें मूल रवाना झालें, आणि सरकारनें देखरेखीचें आपलें कर्तव्य केलें नाहीं, असा निर्वाळा तेथील सत्यशोधन आयोगानें २०२५ सालीं दिला. चीननें तर २०२४ सालीं, नातलगांचा अपवाद सोडून, परदेशीं दत्तक देणें बंदच केलें. ज्या दानांत देणाऱ्याची खरी संमति नाहीं त्यास दान म्हणतां येत नाहीं. त्यास दुसरें नांव आहे, आणि तें वाचकांस ठाऊक आहे.

कागद खरे आहेत असें धरून आपण घराकडे वळूं. पलंग, खेळणीं, लोकरीचे कपडे हीं आणलींच पाहिजेत. तथापि दांपत्याच्या दृष्टीनें जो दिवस आगमनाचा, तोच मुलाच्या दृष्टीनें प्रयाणाचा असतो, ही गोष्ट त्यांपैकीं कोणत्याहि वस्तूनें झांकत नाहीं. दोन वर्षांच्या मुलास 'अनाथ' हा शब्द ठाऊक नसतो. त्यास ठाऊक असते ती न्हाऊ घालणारी मावशी, शेजारच्या पाळण्यांतला सोबती, मऊ वरणभात, डोक्यावरच्या पंख्याची घरघर, आणि 'ये', 'पाणी', 'झोप' असे चार मराठी शब्द. बाहेरच्यांस शिशुगृह ही एक उणीव वाटते. मुलाचें तें सबंध जग आहे. तें जग एका दिवसांत नाहींसें होतें, आणि तें नाहींसें करणारीं माणसें हंसत असतात.

१९५२ सालीं जेम्स रॉबर्टसन या ब्रिटिश संशोधकानें, आठ दिवस आईवांचून रुग्णालयांत राहिलेल्या दोन वर्षांच्या एका मुलीचा चित्रपट तयार केला. तो व त्याचा सहकारी जॉन बोल्बी यांनीं अशा मुलांच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत. मूल आधीं आक्रोश करतें, मग निराश होतें, आणि शेवटीं अलिप्त होतें. ही तिसरी अवस्था पाहून परिचारिका म्हणत कीं मूल आतां रुळलें! 'आल्यापासून एकदांहि रडलें नाहीं' असें कौतुकानें सांगणाऱ्या नव्या आईबापांनीं हें ध्यानांत ठेवावें. जें मूल रडतें त्यानें कोणावर तरी प्रेम केलेलें असतें, आणि ज्यास एकदां प्रेम करतां आलें त्यास तें पुन्हां करतां येतें. म्हणून घराची पहिली सिद्धता ही त्या रडण्यास जागा ठेवण्याची होय. दहा मुलांच्या श्वासोच्छ्वासांत निजणाऱ्यास रंगविलेल्या एकांत खोलीची भीतिच वाटणार. त्यास आपल्या अंथरुणाशेजारीं घ्यावें. त्याच्या अंगावरचें जुनें झबलें न धुतां बरोबर न्यावें. पहिले कांहीं आठवडे भरविणें, न्हाऊ घालणें, निजविणें हें आईबापांनीं स्वतःच्याच हातीं ठेवावें, आणि आप्तेष्टांनीं कौतुक लांबूनच करावें. ते चार मराठी शब्द मुलानें विसरण्यापूर्वीं दांपत्यानें शिकावे.

येथें कोणी म्हणेल कीं, हें सर्व ठीक. पण संस्थेंत राहतें तर या मुलाचें काय झालें असतें? त्यास आईबाप मिळाले, औषधपाणी मिळालें, शिक्षण मिळेल. हा उपकार नव्हे काय? लाभ मोठा आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. परदेशीं जाणारीं मुलें अनेकदां आजारी वा अपंग, किंवा वयानें मोठीं असतात. देशांतल्या घरांनीं त्यांस नको म्हटलेलें असतें. अशा मुलास 'स्वदेशींच राहा' असें सांगणारें तत्त्व रात्रीं उठून त्याच्या अंगावर पांघरूण घालीत नाहीं. म्हणूनच ही वाट सर्वस्वीं बंद करावी असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु लाभ आणि उपकार हे दोन निराळे पदार्थ आहेत. मुलानें कांहीं मागितलें नव्हतें. मूल हवें होतें तें दांपत्यास, आणि तें त्यांस मिळालें. शिवाय पोटच्या मुलाकडून आपण जेवूंखाऊं घातल्याबद्दल आभार मागत नाहीं. जो पालक दत्तक मुलाकडूनच तेवढी कृतज्ञता अपेक्षितो, तो, नकळत कां होईना, हें मूल आपलें नव्हे अशी कबुली देत असतो. आपलेपणा आणि आभार हीं दोन्ही एका ताटांत वाढतां येत नाहींत.

तेव्हां ऋण आहे तें आईबापांवर, असें आमचें मत आहे; आणि तें फेडण्याचे मार्गहि अगदीं व्यवहारांतले आहेत. पहिला मार्ग नागरिकत्वाचा. अमेरिकेच्या २००० सालच्या कायद्यानें रीतसर दत्तक आलेल्या मुलांस आपोआप नागरिकत्व मिळूं लागलें. पण त्यापूर्वींच सज्ञान झालेलीं मुलें वगळलीं गेलीं. ज्यांच्या पालकांनीं आळसानें वा अज्ञानानें अर्ज केला नव्हता, अशा कांहीं कोरियन दत्तकांस मध्यम वयांत, भाषा न येणाऱ्या जन्मभूमींत परत पाठविण्यांत आलें. ज्या घरानें 'तूं आमचा' म्हटलें, त्यानें एक कागद न भरल्यामुळें देशानें 'तूं आमचा नव्हेस' म्हटलें! प्रेम कागदावर अवलंबून नसेल. प्रेमाचें रक्षण मात्र पुष्कळदां कागदच करतो.

दुसरा मार्ग नांवाचा. शिशुगृहांत मिळालेलें नांव ही मुलाची एकुलती एक मालमत्ता असते. नवें नांव द्यावयाचें तर द्यावें. जुनें पुसूं नये.

तिसरा मार्ग सत्याचा, आणि तो सर्वांत बिकट आहे. जुन्या दत्तकविधानांत स्वार्थ होता हें आम्हीं वर म्हटलेंच आहे. तथापि त्यांत एक प्रामाणिकपणाहि होता. तेथें प्रत्यक्ष देणें व प्रत्यक्ष घेणें आवश्यक मानीत. जन्मदात्यानें चारचौघांसमक्ष स्वतःच्या हातानें मूल द्यावें लागे, आणि सयाजीराव कवळाण्याचे हें साऱ्या मुलुखास ठाऊक असे. आजच्या विधींत देणारी आई दिसत नाहीं. कधीं ती एक सही असते, कधीं तेवढेंहि नसतें. ती दिसत नाहीं म्हणून ती नव्हतीच असें मानणें नव्या आईबापांस सोयीचें वाटतें. परंतु मुलाच्या वृत्तांताचा कागद न् कागद जपून ठेवावा, आणि तिची जागा रिकामी असली तरी ती जागा आहे हें मुलास लहानपणापासून सांगावें. मुळाविषयींची माहिती राखून ठेवण्याचें बंधन हेगच्या करारानेंहि घातलें आहे, आणि अठरा वर्षें पुरीं झाल्यावर स्वतःच्या मुळाचा शोध मागण्याचा अधिकार भारतीय नियमांनीं दत्तकास दिला आहे. तो अधिकार तें मूल उद्यां वापरील तेव्हां घरांतल्यांस तो कृतघ्नपणा वाटतो कीं स्वाभाविक जिज्ञासा वाटते, यावरून आज त्यांनीं ऋण कोणाच्या नांवें मांडलें होतें तें कळून येईल.

पुत्रानें पितृऋण फेडावें हें आपण पिढ्यान् पिढ्या शिकत आलों. येथें पित्यावर पुत्राचें ऋण आहे. मुलानें आपलें पहिलें जग, न विचारतां, या दोघांसाठीं सोडलें आहे, आणि त्याची भरपाई करावयाची आहे ती एका दिवसांत नव्हे. सर्व कागद पुरे होऊन हातीं तिकीट येतें तेव्हां 'संपलें एकदांचें' असें दांपत्याच्या तोंडून सहज निघतें. प्रकरण संपलें हें खरें. हप्ते मात्र आतां सुरू व्हावयाचे आहेत.